आमच्या कचेरीतले मुद्दामराव

त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर धारला अजून दोनचार घरं अशी आहेत की तिथे चर्चा सुरू होईल, आणि देवासच्या त्यांच्या पुतण्यांना वाटेल की मी त्यांच्या काकांची टिंगल करतोय. टिंगल मी करणारच आहे. अकरा वर्षं त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो. दरबारच्या कुठल्या कचेरीत आम्ही होतो तेही विचारू नका. तोंडावर आम्ही त्यांना शिरस्तेदारसाहेब म्हणत असू, आणि पाठ वळली की मुद्दामराव. हे नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा दारावरच्या शिपायाच्या तोंडून ते त्यांच्या देखतच निसटलं. रागावायचं सोडून त्यांनी शिपायाला विचारलं, की हे तू चुकून म्हणालास की म्हणायचं ठरवून म्हणालास. शिपाई "चूक हुई सरकार" म्हणाला. मग काही हरकत नाही, असं म्हणून ते पुढच्या कागदाकडे वळले.

उंच, थोडे वाकलेले, पागोटं नेहमी डाव्या कानावर कललेलं. चष्म्याची एक काडी कधीकाळी मोडली होती, तिच्या जागी सुताचा दोरा होता आणि तो कानाभोवती गुंडाळलेला असे. तपकिरीची डबी उघडायची, चिमूट नाकापर्यंत न्यायची आणि कागदात काही दिसलं की ती चिमूट तशीच हवेत धरून वाचत बसायचं, ही त्यांची रीत. कितीतरी चिमटी अशा वाया गेल्या. आम्ही त्यांवर पैजा लावत असू.

आता काम काय होतं ते सांगतो. संस्थानात राज्य मराठी माणसांचं आणि रयत माळव्याची. फिर्यादी बोलायचा माळवीत, आम्ही लिहायचो मराठीत, तेही मोडीत, आणि शिरस्तेदारांच्या वरचे साहेब तो कागद ऐकून निकाल द्यायचे. बोलणारा आणि निकाल देणारा यांच्या मधोमध आम्ही कारकून बसलेलो. जबाब साहेबांपुढे जाण्याआधी शिरस्तेदारांनी वाचायचा, असा नियम होता. आधीचे शिरस्तेदार कोपऱ्यात सही करून तो नियम पाळत. हे वाचत.

वाचता वाचता 'मुद्दाम' हा शब्द आला, किंवा त्याचे सगेसोयरे, जाणूनबुजून, हेतुपुरस्सर, असं कुणी आलं, की त्याभोवती तांबड्या शाईचं वाटोळं पडे आणि लिहिणाऱ्याचं नाव पुकारलं जाई. आपण उठून जायचं. ते वर न बघता विचारायचे, "मन कुणी पाहिलं?"

नवीन माणूस गोंधळायचा. कुणाचं मन, कसलं मन. मग ते समजावून सांगायचे, आणि तेवढ्या वेळात इतर कारकून पान खाऊन यायचे, कारण हे प्रवचन सगळ्यांचं पाठ होतं. दौत घ्या, असं ते म्हणत. तुमचं कोपर लागलं आणि दौत सांडली, तर ते नकळत. कोपर तिथे जातं हे रोज बघूनही तुम्ही दौत काठावरच ठेवलीत आणि ती सांडली, तर ते माहीत असून. आणि दौत उचलून हेडकारकुनांच्या वहीवर उपडी केलीत, तर ते मुद्दाम. तिन्ही वेळा वही सारखीच काळी होते, म्हणून वहीकडे बघून कोणता शब्द लिहायचा ते कळत नाही. इथे हेडकारकून आपली वही जरा जवळ ओढून घेत. पुढे त्यांचं म्हणणं असं की मनात इच्छा असणं म्हणजेही मुद्दाम नव्हे. कचेरीतल्या निम्म्या लोकांना ती दौत उपडी करायची इच्छा आहे, पण अजून कुणी केलेली नाही, म्हणून सगळे निर्दोष आहेत. मुद्दाम म्हणायला माणसानं आधी ठरवावं लागतं आणि ठरवल्याप्रमाणे हात हलवावा लागतो. हे दुसऱ्याबद्दल लिहायचं असेल तर एक तर तो स्वतः तसं बोललेला असावा, नाहीतर त्यानं काही तयारी केलेली तुम्ही पाहिलेली असावी. दोन्ही नसेल तर जे घडलं तेवढंच लिहा.

हे वेड त्यांनी देवासहून आणलं होतं, असं माझं ठाम मत आहे. देवासला गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि ह्यांचं घर अशा रस्त्यावर की ओट्यावर बसलं की आपण एका राज्यात आणि समोरचा वाणी दुसऱ्या राज्यात. लहानपणी ह्यांच्या गाईनं रस्ता ओलांडून समोरच्या वाण्याची हरभऱ्याची पाटी रिकामी केली. दुसऱ्या घरी एवढ्यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांचं भांडण झालं असतं. इथे दोन्ही पात्यांचे शिपाई आले, आणि गाय आपण होऊन गेली की कुणी धाडली यावर आठ दिवस जबाब चालले. त्यांच्या वडिलांनी शेवटी हात जोडून सांगितलं की गाईला सरहद्द दिसत नाही, हरभरा दिसतो. ही हकीकत ते फार अभिमानानं सांगत. आमच्याकडे इराद्याची चौकशी जनावरापासून सुरू होते, असं म्हणत.

घरीसुद्धा हाच कारभार होता. त्यांच्या पत्नी हाटपिपल्याच्या. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. बोलायला तिखट, आणि मला वाटतं सबंध धारमध्ये त्यांना पुरून उरलेली तेवढी एकच व्यक्ती. एकदा दाल-बाफल्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. वरणात मीठ इतकं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शिरस्तेदारसाहेब शांतपणे म्हणाले, की आज मीठ थोडं पुढे गेलंय, नजरचुकीनं झालं असेल. आतून काकूंचा आवाज आला, की नजरचूक नाही, सकाळी बायकोशी धड न बोलता कचेरीत गेलात म्हणून मुद्दाम घातलंय, लिहून घ्या. मला वाटलं आता वादळ होणार. पण शिरस्तेदारसाहेबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, की असा कबुलीजबाब अख्ख्या कचेरीत वर्षभरात येत नाही. दोन वाट्या वरण त्यांनी मिटक्या मारत संपवलं. मलाही संपवावं लागलं.

चांगल्या कामाला मात्र तो शब्द ते मुक्तहस्ते वापरू देत. मुद्दाम भेटायला आलो, मुद्दाम लाडू धाडले, असं म्हणण्यानं कुणाचं घर बसत नाही, तिथे पुराव्याची गरज नाही, असं त्यांचं धोरण. तरी खोटेपणा चालत नसे. मांडवच्या किल्ल्याच्या बाजूला कामाला गेलो की मी त्यांच्यासाठी सीताफळं आणायचो. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, मुद्दाम आणलीत की वाटेत टोपली दिसली म्हणून घेतलीत. मी खरं ते सांगितलं, वाटेत दिसली म्हणून. फार खूश झाले. अर्धी सीताफळं मला परत दिली, आणि म्हणाले की खऱ्याला तेवढी सूट.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट माझ्या चुकीची आहे आणि तिच्याशिवाय हा माणूस पुरता कळणार नाही.

माझं मोडी अक्षर कचेरीत सगळ्यांत चांगलं होतं. हे मी सांगतोय असं नाही, सगळे सांगत. टाक उचलायचा नाही, ओळ वाकायची नाही, आणि माणूस बोलायचा थांबला की माझा जबाब तयार. हा वेग कुठून यायचा? तर आमच्या हेडकारकुनांनी घालून दिलेल्या साच्यातून. जबाबाची सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, आणि मधे 'मुद्दाम' ठरलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भिया, तो शब्द घालून देत जा. त्याच्याबगैर केस पक्की होत नाही." अर्जावर श्री लिहावा तसा आम्ही तो लिहीत असू. शिरस्तेदारसाहेब तांबडं वाटोळं काढून तो काढायला लावत, आणि आम्ही पुढच्या जबाबात पुन्हा घालत असू. ह्यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. हात वळणाला लागले होते, इतकंच.

दुसरी एक रीत होती. लिहून झालं की जबाब देणाऱ्याला तो मराठीत वाचून दाखवायचा आणि त्याचा अंगठा घ्यायचा. वाचायचा तो भराभर, कचेरीच्या सुरात. खेड्यातला माणूस हात जोडून उभा, प्रत्येक वाक्याला "हां सा" म्हणायचा. आम्हाला वाटे, त्याला पटलं.

एका माघात नालछ्याजवळ दरबारच्या पागेसाठी रचलेली गवताची गंजी जळाली. मला चौकशीला धाडलं. गवत कापणारा भेरू नावाचा माणूस त्या दिवशी गंजीजवळ होता. मी झाडाखाली सतरंजी घालून बसलो आणि त्याचा जबाब घेतला. तो म्हणाला, "चिलम झटकी थी सा. वायरो आयो ने लागी गई." म्हणजे चिलीम झटकली, वारा आला आणि आग लागली. मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, की मजकूर इसमाने चिलमीतील विस्तव मुद्दाम गंजीवर टाकला. वाचून दाखवलं. तो "हां सा" म्हणाला. अंगठा घेतला, आणि येताना नेहमीप्रमाणे सीताफळं आहेत का म्हणून इकडेतिकडे बघितलं, पण त्यांचा हंगाम नव्हता.

नेमके त्याच वेळी शिरस्तेदारसाहेब बहिणीच्या आजारपणासाठी देवासला गेलेले. त्यांच्या जागी कोपऱ्यात सही करणारे कुणीतरी बसले होते. कागद साहेबांपुढे गेला. पागेचं गवत मुद्दाम जाळणं हा दरबारचा अपराध, त्याला शिक्षा हद्दपारीची. पाडव्याच्या आत भेरूनं बायकापोरांसह संस्थानाची हद्द सोडावी, त्याचं शेत दरबारजमा व्हावं, असा हुकूम झाला आणि त्यावर शिक्का पडला. हेच जर हलगर्जीनं झालं असं लिहिलेलं असतं, तर महिनाभर पागेचं गवत कापून देण्यावर सुटला असता. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. पण हुकूम झाला तेव्हा माझ्या मनात त्या शब्दाचा विचारसुद्धा आला नाही, एवढंच प्रामाणिकपणे सांगतो.

पाडव्याला बारा दिवस उरले असताना शिरस्तेदारसाहेब परत आले. ते नसताना गेलेले सगळे कागद त्यांनी मागवून घेतले आणि वाचायला बसले. कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी माझं नाव पुकारलं गेलं. मी गेलो. कागदावर तांबडं वाटोळं होतं, आणि ह्या वेळी त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाले, तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगा.

माझी स्मरणशक्ती चांगली आहे. मी भेरूचे शब्द जसेच्या तसे म्हटले. म्हणता म्हणता लक्षात आलं, की त्यात 'मुद्दाम' कुठेच नव्हतं. मी म्हणालो की लिहिण्याच्या ओघात गेलं, सवय आहे, सगळेच लिहितात. ते म्हणाले की हे मला मान्य आहे. मग तपकिरीची डबी त्यांनी न उघडताच बाजूला ठेवली.

"हे बघा," ते म्हणाले, "आजपर्यंत तो शब्द तिथे तुमच्या सवयीनं बसला होता. आता तुम्हाला कळलं. उद्यापासून तो तिथे राहिला, तर तो तुम्ही मुद्दाम ठेवलेला असेल."

जा म्हणाले नाहीत की अमुक करा म्हणाले नाहीत. शिक्का पडलेला हुकूम फिरवायचा एकच मार्ग होता, तो आम्हा दोघांनाही ठाऊक होता. जबाब लिहिणाऱ्यानं स्वतः लेखी द्यायचं, की मी लिहिलं ते जबाब देणारा बोलला नव्हता. आणि असं लिहून देणाऱ्या कारकुनाचं काय व्हायचं, तेही ठाऊक होतं. खोटा दस्त केल्याबद्दल बडतर्फी, आणि त्यापुढे धारलाच काय, देवासच्या दोन्ही पात्यांतही कुणी दारात उभं करणार नाही.

मला त्या माणसाचा इतका राग आला की सांगता सोय नाही. स्वतः नामानिराळे राहून मला खड्ड्यात ढकलतात, असं वाटलं. हुकूम दिला असता तर निदान त्यांच्या नावानं बोटं मोडून मी तो पाळला असता. कचेरीतून बाहेर पडलो तर आवारातल्या लिंबाखाली एक बाई दोन मुलं घेऊन बसली होती. ती भेरूची बायको होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं की कचेरीसमोर बसून राहिलं की कधीतरी ऐकतात, म्हणून नालछ्याहून चालत येऊन ती चार दिवस बसली होती. मला पाहून ती उठली आणि तिनं पदर पसरला. मी जबाब लिहिणारा आहे हे तिला माहीत नव्हतं. अंगरखा घातलेल्या प्रत्येकाला ती पदर पसरत होती.

घरी जेवताना मी पत्नीला सगळं सांगितलं. माझी दोन मुलं तिथेच खेळत होती. मला वाटलं ती म्हणेल, आपण कशाला त्यात पडायचं. निदान रडेल तरी. तिनं ताटात भाकरी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "तुमची नोकरी गेली तर माझे वडील विचारतील, का गेली. तेव्हा मला सांगण्यासारखं कारण आहे. आणि ती बाई देशोधडीला लागली आणि तुमची नोकरी राहिली, तर कुणी काही विचारणार नाही. पण मला ठाऊक असेल." मग उठून तिनं माळ्यावरची पेटी खाली काढली आणि मुलांचे कपडे भरायला घेतले. माहेर देवासचं, तिकडे जायच्या तयारीनं. त्या पेटीचा खडखडाट ऐकत मी कागद पुढे ओढला. अर्ज लिहायला बसलो तर ते माझं नावाजलेलं अक्षर सरळ येईना. तीन कागद फाडले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. शिरस्तेदारसाहेबांनी तो वाचला, तारीख घातली आणि साहेबांपुढे नेऊन ठेवला. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

चौथ्या दिवशी सुनावणी झाली. भेरूला बोलावलं होतं. आमचे साहेब दरबारच्या नात्यातले, स्वभावानं वाईट नव्हते, पण आपला हुकूम मागे घ्यायचा म्हणजे त्यांना अंगावरची शाल काढून दिल्यासारखं वाटे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जबाब वाचून दाखवला होता, ह्यानं होकार दिला होता, अंगठा आहे. आता कारकुनाला दया आली म्हणून हुकूम बदलायचा का?

शिरस्तेदारसाहेब उठले आणि म्हणाले की सरकारांची परवानगी असेल तर तोच जबाब आपण ह्याला पुन्हा वाचून दाखवू. परवानगी मिळाली. त्यांनी कागद हातात घेतला आणि अगदी आमच्या कचेरीच्या सुरात, भराभर, मराठीत वाचायला सुरुवात केली. भेरू हात जोडून उभा. मी अमुक गावचा राहणार. हां सा. मी दिवस वर आल्यावर गंजीजवळ गेलो. हां सा. चिलमीतील विस्तव मुद्दाम गंजीवर टाकला. हां सा. साहेबांनी मान डोलावली, झालं ना, अशा अर्थानं. पण शिरस्तेदारसाहेब थांबले नाहीत. त्याच सुरात, कागदावर नसलेलं पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं, "आणि मांडवच्या हिंडोळा महालाच्या भिंती मी मुद्दाम तिरक्या केल्या."

"हां सा," भेरू म्हणाला.

कचेरीत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तो महाल कुणाच्या खापरपणज्याच्याही आधीचा. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी भेरूला हिंदीत दरडावून विचारलं, की तू समजल्याशिवाय हो का म्हणतोस. भेरूला आपलं काय चुकलं ते कळेना. तो म्हणाला, "सरकार को कागद हे सा. ना कैसे कूं?"

सरकारचा कागद, त्याला नाही कसं म्हणू, ह्यावर कुणी हसलं नाही. मग शिरस्तेदारसाहेबांनी त्याला माळवीत, हळू, त्याच्या गावचा माणूस बोलेल तसं विचारलं, आणि त्यानं चिलमीची हकीकत पहिल्यासारखीच सांगितली. त्यात हेही निघालं की विझवताना त्याचे दोन्ही हात भाजले होते. मी त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला होता तेव्हा त्या हातांना हळद लावलेली होती. ती मी पाहिली होती आणि कागद खराब होईल म्हणून पुसायला लावली होती. हे आठवून आजही मला कसंतरी होतं.

हद्दपारी रद्द झाली. महिनाभर पागेचं गवत कापून द्यावं, शेत त्याचं त्याला राहावं, असा हुकूम झाला. बाहेर लिंबाखाली कुणीतरी जाऊन सांगितलं असावं, कारण मुलांचा गलका आत ऐकू आला.

पण साहेबांचा राग कुठेतरी निघायचाच होता, आणि त्यांच्यासमोर मी उभा होतो. त्यांनी शिरस्तेदारांना टाक घ्यायला सांगितलं आणि माझा हुकूम तोंडानं सांगू लागले. लिहा, कारकुनाने मुद्दाम खोटा जबाब लिहिला.

टाक हलला नाही. सगळी कचेरी बघत होती. शिरस्तेदारसाहेब उभे राहिले. त्यांचं वय तेव्हा पेन्शनीला आलेलं, वर्षभर राहिलं होतं. इतक्या वर्षांत भर कचेरीत त्यांनी साहेबांचा शब्द अडवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, की हा शब्द माझ्या हातून लिहिला जाणार नाही. ह्या कारकुनाचा हात सवयीनं चालला, हे मी अकरा वर्षं रोज बघतो आहे. ती सवय मोडता आली नाही हा दोष माझाही आहे, तो लिहायचा तर लिहितो. पण ठरवून त्यानं हे केलेलं नाही. सरकारांना तोच शब्द हवा असेल तर टाक दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावा, आणि मला आजपासून रजा द्यावी.

मी खाली बघत होतो. मला त्या क्षणी नोकरीची काळजी वाटत नव्हती. आपल्यासाठी कुणी उभं राहिलंय, आणि तोही असा माणूस, ज्याला दयामाया म्हणून एक अक्षर खोटं बोलता येत नाही, हेच मनात होतं. मला मोठा अभिमान वाटला, त्यांचा आणि थोडा माझाही. शेवटी साहेब म्हणाले की मग तुम्हाला जे खरं वाटतं ते लिहा, आणि वाचून दाखवा.

त्यांनी दोन ओळी लिहिल्या. चष्म्याचा दोरा नीट केला आणि हुकूम उभ्यानं वाचला. कारकुनाने जबाबात शब्द सवयीने घातला. नोकरी जाईल हे माहीत असता तो मुद्दाम परत घेतला.

साहेबांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि खाली सही केली. बडतर्फी टळली. पण जबाब लिहिण्याचं काम माझ्याकडून कायमचं काढून घेतलं आणि जुन्या दप्तराच्या खोलीत माझी रवानगी झाली, जिथे कागदांचे रुमाल, वाळवी आणि उंदीर ह्यांच्याखेरीज कुणी जबाब द्यायला येत नाही. माझ्याबरोबरचे पुढे हेडकारकून झाले, एक तर नायब शिरस्तेदारही झाला. मी तिथेच राहिलो. कचेरीत मात्र एक नवी रीत पडली. बोलणाऱ्याचे शब्द आधी जसेच्या तसे माळवीत लिहायचे, आणि त्याखाली मराठी. मुद्दामराव गेल्यावरही ती चालू होती.

मी निवृत्त झालो तेव्हा एक नवे अधिकारी आले होते, शिकलेले, भले गृहस्थ. माझ्या नोकरीचे कागद चाळताना त्यांना ती ओळ सापडली. हा शेरा काढून टाकतो, म्हणाले, इतक्या वर्षांच्या चोख नोकरीवर हा एक डाग कशाला? त्यांनी टाक शाईत बुडवलासुद्धा. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. असा साहेबाचा हात मी जन्मात कधी धरला नव्हता. त्यांना म्हटलं, ती ओळ राहू द्या, बाकीची सगळी चोख नोकरी हवी तर खोडा.